ठकठक येतेय ना अजून?

ही गोष्ट खरी आहे. सांगोवांगी ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलेली आहे आणि मामा आजही धडधाकट आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

आणि हो, भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोखी रात्र लागते, ओसाड रस्ता लागतो. इथं तसलं काही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. खाली लाँड्रीत इस्त्री चालू होती, रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती, आणि वर दुसऱ्या मजल्यावर मामाच्या घरात...

असो. पहिल्यापासून सांगते.

मामा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आला. पण जीव सगळा जुन्या फोनोग्राफमध्ये. चावी भरायचे, कर्ण्याचे, लाकडी पेटीतले, अर्धे मोडके, पाऊण मोडके. भंगारवाले त्याला बघून भाव वाढवायचे. घरात माणसं दोनच आणि कर्णे मात्र जिकडे बघावं तिकडे. मामी म्हणायची, "एखादी सवत परवडली असती हो, निदान एका कोपऱ्यात तरी बसली असती."

नोकरी संपल्यावर मामानं आणखी एक उद्योग सुरू केला. लोकांच्या घरच्या जुन्या तबकड्या आणि कॅसेटी धुऊनपुसून, त्यातला आवाज संगणकावर उतरवून द्यायचा. कुणाच्या आजोबांचं भाषण, कुणाच्या लग्नातला गोंधळ, कुणाचं बोबडं बोलणं. लोक ऐकून रडायचे, मामाला दुवा द्यायचे, आणि मामाची छाती फुगायची.

त्याचा एक हट्ट होता. आवाजामागची खरखर त्याला खपायची नाही. "आवाज कसा पाहिजे? न्हाऊन आलेल्या पोरासारखा," असं म्हणायचा. एकदा उतरवून समाधान नाही. तबकडी पुन्हा धुवायची, पुन्हा उतरवायची. कचरा निघेपर्यंत.

त्या हट्टानंच सगळं झालं.

मामीची आई मामी तान्ही असतानाच गेली. तापानं गेली, एवढंच मामीला सांगितलेलं. आईचा फोटो होता, पण पाठमोरा. मात्र तिचा आवाज होता. मामीच्या वडिलांकडे तेव्हा घरच्या घरी तबकडी कोरायचं यंत्र होतं, आणि त्यांनी आईचा आवाज एका तबकडीवर घेऊन ठेवला होता. ती तबकडी पुढे मामीच्या थोरल्या भावाकडे गेली.

हा भाऊ चष्म्यांचा दुकानदार. मामा त्याला तोंडावर दादा म्हणायचा आणि पाठीमागे भिंगवाला. कारण एकच. मामीनं किती वेळा विनवलं, एकदा ऐकव रे. भिंगवाला तबकडी द्यायचाच नाही. विषय काढला की उठून जायचा.

आणि एक दिवस तो आपणहून दारात उभा राहिला. हातात जाड कापडात गुंडाळलेली तबकडी.

"जावईबापू, आता ही तुम्ही सांभाळा," तो म्हणाला. "तुमचे कान चांगले आहेत."

मामी तर हरखून गेली. मामाच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. इतकी वर्षं नन्नाचा पाढा लावणारा माणूस आज एकदम उदार कसा झाला?

"एकच करा," भिंगवाला जाताना म्हणाला. "धुऊ नका. आहे तशी राहू दे. आणि अधूनमधून लावून बघा... ठकठक येतेय ना."

"कसली ठकठक?"

"येईल ऐकू."

दार लागल्यावर मामा फणफणला. "मला शिकवतोय! ज्याला तबकडीची मागची बाजू कुठली ते कळत नाही, तो मला सांगणार धुऊ नका म्हणून."

तबकडीवर पांढरी साय आली होती. या घरगुती तबकड्या जुन्या झाल्या की त्यांच्या लेपातून तसलं काहीतरी बाहेर येतं. मामानं आधी आहे तशीच लावून बघितली. जुन्या यंत्रावर नाही, त्याची सुई तबकडी खाऊन टाकते. हलक्या सुईच्या यंत्रावर. आवाज संगणकात उतरू लागला आणि मामी खुर्ची ओढून बसली.

आधी खरखर.

मग एक बाई गुणगुणत होती...

मामीनं तोंडावर हात धरला. सूर साधाच होता. मधूनच ती बाई हसत होती, बाळाला काहीबाही म्हणत होती. मामी पन्नाशी उलटलेली बाई, पण त्या घडीला तिच्या चेहऱ्यावर वय म्हणून राहिलं नाही, असं मामा अजून सांगतो.

आणि मग...

ठक.

ठक ठक.

गुणगुणणं थांबलं. एका पुरुषाचा पुसट आवाज. त्यावर बाई काहीतरी बोलली, एकदम हळू, मऊ. पण प्रत्येक शब्दावर ठक पडत होती. शेवटी बाळाचा हुंकार आणि तबकडी संपली.

"शेवटी आई काय म्हणाली हो?" मामीनं विचारलं.

"काही कळत नाही. चीर आहे तबकडीला. चिरेवर सुई आली की ठक वाजतं. नाहीतर मळाचा खडा असेल."

"मला तर दार वाजवल्यासारखं वाटलं."

"दार कसलं! आयुष्य गेलं माझं यात."

तसं मामालाही ते जरा बेताल वाटलं होतं. चिरेची ठकठक घड्याळासारखी सारख्या अंतरानं येते. ही मध्येच घाईची होती, मध्येच थांबत होती. पण मामानं ते मनावर घेतलं नाही.

मामीला एकच ऐकायचं होतं. आई तिला काय हाक मारायची, हे तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. वडील आईचा विषयच काढू देत नसत. "शेवटी ती माझ्याशीच बोलतेय," मामी म्हणाली. "माझं नाव घेतलं असेल. तेवढं ऐकवा मला. दुसरं काही मागणार नाही."

अशा बाईला नाही कोण म्हणेल? मामानं शुद्ध पाणी घेतलं, साबणाचा एक थेंब टाकला, मऊ ब्रश घेतला आणि तबकडी धुतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लावली.

ठकठक कमी झाली होती!

मधल्या कितीतरी ठका गायबच होत्या. मामानं संगणकावर दोन्ही वेळचे आवाज शेजारी शेजारी मांडले. पहिल्यात ठकेचे उंच उंच काटे, दुसऱ्यात त्याच जागी सपाट रेघ. "बघ! मळच होता," मामा म्हणाला. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्या संध्याकाळी मामी बाजारातून आली तर बाहेरच्या दाराची कडी उघडी.

"कडी लावायची विसरलात वाटतं."

"मी लावली होती."

"मग काय कडीला पाय फुटले?"

विषय तिथंच संपला.

मामानं तबकडी पुन्हा धुतली. ठकठक आणखी कमी. आता बाईच्या बोलण्यातले एकदोन शब्द सुटे ऐकू येऊ लागले. "नको" असं काहीतरी. आणि "बाहेर".

मामी आनंदात होती. पण त्या दुपारी स्वयंपाकघरातून आली तर जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची मागे सरकवलेली. कुणी बसून उठावं तशी... आणि तिचं तोंड आवाजाच्या खोलीकडे, जिथं मामा तबकड्या उतरवायचा.

"तुम्ही बसला होतात?"

"मी आतच आहे केव्हाचा."

आणखी एक झालं. मामा सगळ्या कर्ण्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवतो, आत धूळ जाऊ नये म्हणून. सकाळी बघितलं तर बैठकीतला एक कर्णा वळलेला. आतल्या खोलीकडे. मामानं तो परत भिंतीकडे केला. दुपारी तो पुन्हा वळलेला होता, आणि त्याच्या शेजारचाही.

जणू घरातल्या घरात कुणीतरी फिरत होतं आणि कर्णे त्याच्याकडे बघत होते.

मामा भूतबित मानणारा नव्हे. त्याला माणसांचा संशय येतो. आणि त्याच्या घराची एक जास्तीची किल्ली कुणाकडे होती? भिंगवाल्याकडे. मामा-मामी गावाला गेले की कुंड्यांना पाणी घालायला म्हणून दिलेली.

"इथंच पाणी मुरतंय," मामा म्हणाला. "तबकडी दिली, आता पस्तावलाय. आपल्याला घाबरवून परत न्यायचीय त्याला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी नका देऊ," मामी म्हणाली. "दादा विक्षिप्त असेल, पण असलं नाही करायचा."

"मग कोण करतंय? तू?"

हे बोलायला नको होतं. मामी त्या दिवशी जेवली नाही. तीही मग मामाकडे वेगळ्या नजरेनं बघू लागली. नाव ऐकायला मिळू नये म्हणून हेच तर काही करत नाहीत ना, असंही तिच्या मनात येऊन गेलं म्हणे. दोघंच राहत होते घरात, आणि दोघंही एकमेकांवर लक्ष ठेवून होते.

मामानं दाराचं कुलूप बदललं. नवी किल्ली कुणालाच दिली नाही. कडी स्वतःच्या हातानं लावली आणि बैठकीत दाराकडे तोंड करून बसला. लाँड्रीतल्या वाफेच्या इस्त्रीचा फुसफुस आवाज खालून येत होता. मामी आत निजली होती. मामा कानात तेल घालून ऐकत होता.

काहीच झालं नाही.

तो पाणी प्यायला उठला. स्वयंपाकघरात गेला, भांडं भरलं, परत आला...

कडी उघडी होती.

आवाज म्हणून झाला नव्हता. आणि ती कडी अशी की लोकांना जिन्यावरून ऐकू जाते.

मामा तसाच चपला घालून निघाला. मामीला फक्त एवढंच म्हणाला, "आज त्याचा सोक्षमोक्षच लावतो."

भिंगवाला दुकानात एका बाईला चष्म्याची फ्रेम दाखवत होता. मामाला बघून त्यानं बाईला घाईघाईनं वाटेला लावलं. मामानं जुनी किल्ली मागितली. त्यानं गल्ल्यातून काढून समोर ठेवली. तिच्यावर धूळ होती.

"घरी येऊन गेलात का, दादा?"

"काय?"

"घरी! येऊन गेलात का?"

"जरा मोठ्यानं बोला." भिंगवाल्यानं केस बाजूला केले. कानात यंत्र होतं. "कान गेले माझे. समोर बसून बोललं तर समजतं. तबकडीतलं मात्र काही समजत नाही. नाहीतर दिली असती होय मी ती?"

मामानं किल्ली खिशात टाकली.

"ठकठक येतेय ना अजून?" भिंगवाल्यानं विचारलं.

मामाला राग आला. पुन्हा तेच! "आहे काय त्या ठकठकीत?"

भिंगवाला काउंटरवरची काच पुसू लागला. पुसलेलीच काच पुसत होता. "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. बाबा ती तबकडी अधूनमधून लावायचे. मला वाटायचं, आईचा आवाज ऐकायला लावतात. तसं नव्हतं. पहिली ठक आली की ते लगेच सुई उचलायचे आणि तबकडी ठेवून द्यायचे. त्या दिवशी त्यांना गाढ झोप लागायची. जाताना मला म्हणाले, धुऊ नकोस, आणि ठकठक येतेय ना तेवढं बघत जा. मी बघत आलो."

"कशासाठी?"

"एकदाच बोलले होते. 'त्या दिवशी मी दार उघडलं नसतं तर तुझी आई...' आणि पुढं बोललेच नाहीत." त्यानं मामाकडे बघितलं. "येतेय ना ठकठक?"

"कमी झालीय," मामा म्हणाला. "मी धुतली."

भिंगवाल्याला ते बहुतेक ऐकू आलं नाही. किंवा आलं. तो खाली बसला.

मामा रस्त्यानं येताना स्वतःशीच पुटपुटत होता. म्हातारा कथा रचतोय. तबकडी परत हवीय, दुसरं काय! पण पाय मात्र भराभर पडत होते. जिना चढताना तर तो जवळजवळ धावलाच.

दार सताड उघडं.

मामी आवाजाच्या खोलीत बसली होती. बादलीत पाणी, हातात मऊ ब्रश, पुसायचं कापड बाजूला. मामाचं बघून बघून ती सगळं शिकली होती.

"रागावू नका," ती म्हणाली. "मला राहवलं नाही. आता ठक म्हणून राहिली नाही बघा. एकसुद्धा. तुम्ही यायची वाट बघत थांबले. आपण दोघं मिळून ऐकू."

मामानं तिचा हात धरायला हवा होता. पण त्या बाईनं जन्मभर वाट बघितली होती. मामा तिच्याकडे बघत राहिला आणि तिनं सुई टेकवली.

खरखर नाही. काही नाही. नुसती आई, गुणगुणणारी. खोलीतच बसल्यासारखी.

मग गुणगुणणं थांबलं. पुरुषाचा आवाज आला, आता अगदी स्पष्ट.

"अगं, कुणीतरी दार वाजवतंय. उघडू का?"

ती चीर नव्हती. मळ नव्हता.

आणि मग आई बोलली. हळू, मऊ, बाळ उठू नये म्हणून.

"नको. उघडू नका. वाजू द्या... वाजतंय तोवर तो दाराबाहेर आहे."

थोडं थांबून ती बाळाला म्हणाली, "तू नाही हं घाबरायचं, चिंगे."

मामीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "चिंगी," ती म्हणाली. "अहो, मी चिंगी." ती हसतही होती. तिला दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं.

मामाला आलं होतं.

जिथं आधी ठकठक होती तिथं आता शांतता होती. आणि त्या शांततेत कुणाचा तरी श्वास... अगदी जवळ. बाईचा नाही, बाळाचा नाही.

मामानं सुई उचलली. तबकडी थांबली.

श्वास थांबला नाही.

आणि बाहेर, जेवणाच्या टेबलाची खुर्ची सरकली.

मामीचं हसू गेलं. दोघं एकमेकांकडे बघत होते. इतके दिवस ज्यांनी एकमेकांवर संशय घेतला, ते दोघंही इथं, याच खोलीत होते.

मामा म्हणतो, त्या वेळी काय सुचलं ते देवालाच ठाऊक. त्यानं संगणकावर पहिल्या दिवशीचा आवाज काढला. न धुतलेल्या तबकडीचा. खरखरीचा, सगळ्या ठकांचा. आणि पूर्ण आवाजात लावला.

ठक.

ठक ठक.

बाहेर पावलं वाजली. घाई नव्हती त्यांना. टेबलापासून बैठकीत, बैठकीतून दाराशी. मग दार लागलं. आतून लागतं तसं नाही, बाहेर जाणारा माणूस ओढून घेतो तसं.

मामानं धावत जाऊन कडी घातली.

तेव्हापासून त्यांच्या बाहेरच्या दाराजवळ एक छोटा स्पीकर असतो. त्यात ती ठकठक चालू असते. दिवसरात्र, पुन्हा पुन्हा. वीज गेली तर म्हणून बॅटरी आहे, बॅटरी संपली तर म्हणून दुसरी आहे. जन्मभर खरखर काढणारा माझा मामा आता ती ठकठक जपतो. शेजाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्या आवाजात मामीच्या आईचे शेवटचे शब्द ऐकू येत नाहीत. चिंगी ऐकू येत नाही. मामानं एकदा भीत भीत विचारलं होतं, स्वच्छ आवाज फक्त एकदा लावू का? मामी म्हणाली, "नको. माझ्या वाट्याचं मी ऐकलं. एकदा हाक मारली तिनं, पुरे झालं." आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मी त्यांना फोन करायचे तेव्हा मागे ती ठकठक असायचीच. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. उलट ती ऐकली की बरं वाटायचं. आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

परवा दुपारी फोन केला. मामाशी इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं. मामी स्वयंपाकघरात भांडी लावत होती, तो आवाज येत होता. खालच्या लाँड्रीतली वाफेची फुसफुससुद्धा मला ऐकू येत होती.

मी सहज विचारलं, "मामा, ठकठक बंद केलीस का रे?"

"नाही गं," मामा म्हणाला. "चालूच आहे की. मी स्पीकरच्या शेजारीच तर बसलोय. चांगली मोठ्यानं लावलीय. तुला ऐकू येत नाही?"

हल्लीचे फोन मागचे आवाज गाळतात म्हणे. तसंच असेल. पण मग भांडी ऐकू येत होती. फुसफुस ऐकू येत होती...

"येते, येते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी खोटं बोलले. त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. सांगून तरी तो काय करणार आहे?